गाडी हवेत असताना आवळलेला बोल्ट

गाडीच्या पुढच्या चाकाची स्प्रिंग चुकीच्या पद्धतीने सुटली, तर हात मोडतो, जबडा फुटतो, प्रसंगी जीवही जातो. काम हाती घेण्याआधी मला हे चांगलं माहीत होतं. त्यामुळे माझी सगळी सावधगिरी त्या एका वस्तूभोवती गोळा झाली होती. बाकी सगळीकडे, जिथे नुसते नट-बोल्ट काढायचे आणि परत लावायचे होते, तिथे माझं लक्ष सैल पडलं. पैसे गेले, एक नवा कोरा शॉकअप गेला, बुश गेले, ते सगळे या साध्या जागांवर. स्प्रिंगपाशीही एकदा जिवावर बेतता बेतता राहिलं. ते सांगणारच आहे, पण तेवढंच सांगून थांबणं खरं होणार नाही.

गाडी २००९ सालची पेट्रोल स्विफ्ट. आम्ही कोल्हापूरचे. माझं आजोळ गगनबावड्याकडे, त्यामुळे त्या रस्त्याने सतत जाणं-येणं. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या रस्ता दाबून काढतात आणि पुढच्या पावसात तिथेच खड्डे पडतात. बाबा आयुष्यभर शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या पान्यांच्या पेटीशेजारी मी वाढले, आठ-दहाचा रिंग पाना कोणता आणि बारा-तेराचा कोणता हे मला पाढ्यांच्या आधी कळत होतं. तेव्हा शॉकअप आणि स्प्रिंगा घरच्या अंगणात बदलायच्या हे ठरवताना मला त्यात धाडस असं काही वाटलं नाही. सर्व्हिसिंग, ब्रेकचे पॅड, बॅटरी हे मी करतच होते.

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीची. गतिरोधकावरून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून कटकट असा आवाज यायचा. या गाड्यांत असा आवाज आला की बहुतेक वेळा दोष लिंक रॉडचा निघतो, म्हणून मी लिंक रॉड बदलले. आवाज गेला नाही. मग शॉकअपच गेले असणार असं धरलं, कारण बोनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन थांबायच्या ऐवजी झुलत राहत होती, आणि शॉकअपच्या नळकांड्यावर तेलाचा ओला पट्टा होता. ते निदान बरोबर होतं, पण अर्धं. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपच्या आत तेल असतं, ते बारीक झडपांमधून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी तिथे उष्णतेत जिरते. कितीही गळका शॉकअप असला तरी त्यामुळे गाडी एका बाजूला खाली बसत नाही. आमची गाडी डावीकडे बसली होती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी धरली असती तर दोन्ही बाजूंतला बोटभर फरक मला पहिल्याच दिवशी दिसला असता. मी पट्टी धरली नाही. बाबांनी धरली. नंतर बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिलं तेव्हा दिसलं की डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला आहे. खालच्या बैठकीत चिखल आणि पाणी साचून राहतं, स्प्रिंगवरचा रंग तिथे घासून जातो, गंज धरतो आणि तिथूनच ती तुटते. तुकडा जागेवरच अडकून राहतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही. लिंक रॉडचे पैसे फुकट गेले ते या न धरलेल्या पट्टीमुळे.

मग स्प्रिंगा आणि शॉकअप दोन्ही घ्यायचं ठरलं. स्प्रिंग किंवा शॉकअप एका बाजूचा बदलून चालत नाही, पुढची जोडी किंवा मागची जोडी एकत्रच बदलावी लागते. मी चारही कोपऱ्यांचं सामान आणलं. दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगितलं, चेसिस नंबर दिला नाही, कारण तो घरी राहिला होता आणि परत फेरी मारायचा मला कंटाळा आला होता. याचं पुढे काय झालं ते सांगते.

मागचं काम आधी केलं आणि ते सुरळीत झालं. या गाडीला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. मागचा आडवा बीम जॅकने पेलून धरायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि बीम हळूहळू खाली सोडायचा. स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते, दाबावी लागत नाही. त्या यशाने मला जो आत्मविश्वास आला तो पुढच्या कामाला नडला, कारण पुढची रचना अगदीच निराळी.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना १९४० च्या दशकात विकसित केली आणि १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफर या गाड्यांत ती आली. आपल्याकडे मारुती ८०० पासून बहुतेक लहान गाड्यांना पुढे हीच रचना आहे. जागा कमी लागते, भाग कमी लागतात. यात शॉकअपच्या नळकांड्यावर खाली एक बैठक, वर रबरी माउंटिंग, आणि त्या दोघांच्या मध्ये स्प्रिंग दाबून कोंडलेली असते. शॉकअपच्या रॉडच्या टोकावरचा एकुलता एक नट तिला कोंडून ठेवतो. स्प्रिंग आधी दाबून न धरता तो नट काढला, की माउंटिंग आणि स्प्रिंग समोर जे असेल त्यावर जाऊन आदळतात.

अशा लहान गाडीच्या पुढच्या स्प्रिंगला एक सेंटिमीटर दाबायला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलोचं वजन लागतं. पंधरा सेंटिमीटर दाबली तर तिच्यात साठलेली ताकद पंचवीस किलोचं पोतं छातीइतक्या उंचीवरून अंगावर पडावं एवढी होते, आणि ती एका क्षणात बाहेर येते. हे गणित मी वहीत करून पाहिलं होतं. म्हणून वरचा नट काढण्याआधी स्प्रिंग कंप्रेसर लावायचा, स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, हे नियम मी स्वतःलाच लिहून दिले होते.

स्ट्रट गाडीतून काढतानाच दोन गोष्टी बिघडल्या. अंगणात शहाबादी फरशी आहे. जॅकने गाडी उचलून मी स्टँड थेट फरशीवर लावला. स्टँडचे पाय अरुंद, त्यामुळे सगळं वजन चार ठिपक्यांवर आलं आणि एक फरशी मधोमध तडकली. स्टँड कलला नाही, गाडी पडली नाही, पण त्यावेळी माझा हात मडगार्डच्या आत होता. बाबांनी मग जुन्या दाराची फळी आणून दिली, ती स्टँडखाली घातली, आणि काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. गाडी सुटलीच तर ती चाकावर बसेल, माणसावर नाही. ते चाक मी आधीच सरकवायला हवं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

दुसरी गोष्ट नकलची. चाक ज्या ओतीव भागावर बसतं त्याला गॅरेजात नकल म्हणतात. स्ट्रट तिला दोन मोठ्या बोल्टांनी धरतो. ते बोल्ट निघाले की नकल वरून मोकळी होते आणि डिस्क, कॅलिपरच्या वजनाने बाहेरच्या बाजूला कलंडते. ती तारेने वर बांधून ठेवायची असते. मी बोल्ट ठोकून काढला आणि ती सगळी वजनासकट ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळली. एक्सलही बाहेर ओढला गेला. जास्त ओढला असता तर त्याचा गिअरबॉक्सकडचा सांधा आतून सुटला असता, ते झालं नाही. होज मात्र मी बदलला. वरून काही दिसत नव्हतं, पण ब्रेकच्या होजला असा झटका बसल्यावर त्यावर घाट उतरायचा नाही, एवढं मला कळत होतं.

आता कंप्रेसर. तो मी सगळ्यात स्वस्त मिळेल तो आणला होता. लांब आट्यांचे दोन दांडे, प्रत्येकाला वर-खाली दोन-दोन आकडे. हे दांडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावायचे, आणि एकाला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्याला तितकेच, असं आळीपाळीने आवळत जायचं. चांगल्या कंप्रेसरच्या आकड्यांना स्प्रिंग निसटू नये म्हणून अडसराची पिन असते. माझ्याकडच्याला नव्हती. जुन्या स्प्रिंगेवर माती आणि तेल होतं, ते मी पुसलं नाही. हाताने आवळायला वेळ लागतोय म्हणून शेजाऱ्यांची इम्पॅक्ट गन आणली. ती गन कंप्रेसरवर कधी लावायची नसते, तिने आटे तापून चावतात, आणि हाताला जे कळतं ते गनला कळत नाही. स्प्रिंगचा वेढा तिरका असतो. आकडा निसरडा झाला की तो त्या उतारावरून सरकू लागतो. गनच्या आवाजात मला ते सरकणं ऐकू आलं नाही. दोन्ही दांडे हळूहळू एकाच बाजूला आले, आणि स्प्रिंगला दुसऱ्या बाजूने बाक येऊ लागला. मी नटाकडे पाहत होते, स्प्रिंगकडे नाही.

बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. ते एकदम ओरडले, “सोड ते! हात काढ. मागं सर.”

मी गन सोडली आणि मागे झाले. स्प्रिंग तशीच वाकडी, ताणलेली राहिली. वरचा नट मी अजून काढला नव्हता, म्हणून बचावले. काढलेला असता तर हे लिहायला मी नसते किंवा या हाताने लिहिता आलं नसतं. बाबांनी मोटरसायकलची साखळी आणून स्प्रिंगच्या वेढ्यांतून आणि स्ट्रटभोवती गुंडाळून कुलूप लावलं. मग मी बाजूला बसून, लांब दांड्याच्या पान्याने, एकेका बाजूचा पाव-पाव फेरा सैल करत सगळं उतरवलं. त्याला बराच वेळ लागला. मध्ये कुणी बोललं नाही.

तो दिवस तिथेच थांबायला हवा होता. मी थांबले नाही. स्प्रिंग पुसली, आकडे समोरासमोर नीट बसवले, साखळी ठेवलीच, आणि हातपान्याने काम पुरं केलं. स्प्रिंग सुखरूप सुटली. नवी दाबून घेतली. आणि तिथे, सगळ्यात मोठी भीती मागे पडल्यावर, माझं डोकं सैल झालं.

नव्या शॉकअपच्या रॉडवर माउंटिंग चढवून वरचा नट आवळायचा होता. नट फिरवला की रॉडही त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून रॉडच्या टोकाला एलन कीची खाच असते. ती एलन कीने धरायची आणि बाहेरून वाकड्या रिंग पान्याने नट आवळायचा. माझ्याकडे तसा वाकडा पाना नव्हता. गोटी लावली की एलन कीला जागा उरत नव्हती. उद्यमनगरात जाऊन तो पाना आणणं अर्ध्या तासाचं काम होतं. बाबा जेवून आत आडवे झाले होते. मी रॉडवरचा रबरी बूट वर सरकवला, रॉडला फडकं गुंडाळलं आणि व्हाइस ग्रिपने धरला. फडक्यातून दात लागले. नट आवळला गेला. फडकं काढलं तेव्हा रॉडवर दोन बारीक चरे होते. मी बूट खाली ओढला आणि बाबांना सांगितलं नाही.

मी टर्नरची मुलगी आहे. हार्ड क्रोमचा रॉड ग्राइंडिंग करून आरशासारखा का करतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या रॉडवरून तेलाच्या सीलची पातळ कड दिवसाला हजारो वेळा वर-खाली जाते. तिथे एक चरा म्हणजे प्रत्येक खेपेला त्या कडेवर चालणारी सुरी. मला हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही. चरे बुटाखाली झाकले गेले म्हणून मी ते झाले नाहीत असं धरलं. पावसाळा निम्मा सरायच्या आत त्याच शॉकअपवर तेल दिसू लागलं. पुढे तो काढला तेव्हा बाबांनी रॉडवरून नख फिरवलं. नख अडलं.

“कशानं धरला होतास ह्यो?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“तवाच सांगायचं हुतंस की,” एवढंच ते म्हणाले आणि रॉड पुसत राहिले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बारीक चुकांची यादी मी लांबवत नाही. नवे शॉकअप डिकीत आडवे ठेवून आणले, बसवण्याआधी ते उभे धरून सात-आठ वेळा दाबून-ओढून आतली हवा बाहेर काढायची असते, ते एकाच बाजूला केलं. उजव्या स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या पायरीला टेकवलं नाही, दोन बोटं अलीकडे राहिलं, त्यामुळे स्टीअरिंग पूर्ण वळवलं की स्प्रिंग जागेवर उडी मारायची आणि टंग असा आवाज यायचा. हे दोन्ही नंतर सुधारता आलं.

गाडी चाकांवर उतरवल्यावर कळलं की पुढचा भाग वर तोंड करून उभा आहे. नव्या स्प्रिंगा थोड्या उंच बसणारच, असं मी म्हणत राहिले. बाबांनी संध्याकाळी हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर उजेड कुठे पडतो ते दाखवलं. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील अशा उंचीवर तो पडत होता. दुसऱ्या दिवशी चेसिस नंबर घेऊन दुकानात गेले. मी आणलेल्या स्प्रिंगा डिझेल गाडीच्या होत्या. डिझेल इंजिन जड असतं, म्हणून त्या गाडीला पुढे जास्त ताठ स्प्रिंगा देतात. स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके असतात ते यासाठीच. जुन्या स्प्रिंगेवरचे ठिपके आणि नव्यांवरचे शेजारी ठेवून पाहिले असते तर फरक दिसला असता. वापरलेली स्प्रिंग परत कोण घेणार? आणि का घ्यावी? नंबर मी दिला नव्हता. नव्या, बरोबर स्प्रिंगा विकत घेतल्या आणि पुढचं सगळं काम पुन्हा केलं. या खेपेला दोन्ही स्ट्रट काढून उद्यमनगरात नेले. तिथे एका वर्कशॉपमध्ये जमिनीला पक्का बसवलेला दाबयंत्राचा कंप्रेसर आहे. दोन्ही स्प्रिंगा तिथे दाबून, बदलून आणल्या. चरे पडलेल्या शॉकअपबद्दल मात्र मी तिथेही काही बोलले नाही.

आणि आता ज्या चुकीसाठी हे लिहायला घेतलं ती.

पुढचं काम उघडलंच आहे तर लोअर आर्मचे बुशही बदलू, असं पहिल्याच वेळी ठरवलं होतं. लोअर आर्म म्हणजे नकलला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात. सांगाड्याच्या बाजूला त्यात रबराचे बुश असतात. बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक बारीक नळी, आणि मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. बोल्ट आतल्या नळीतून जातो आणि आवळला की ती नळी सांगाड्यातल्या ब्रॅकेटला घट्ट पकडली जाते. ती फिरत नाही, आणि फिरायची नसतेच. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म हलतो तो रबर पिळलं जाऊन. बिजागरीत जसं लोखंड लोखंडावर फिरतं तसं इथे काही फिरत नाही. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं बुश बोल्टवर फिरतो.

बुश मी उद्यमनगरातल्या त्याच वर्कशॉपमधून प्रेसवर बसवून आणले होते. आर्म गाडीला लावला, बोल्ट घातले, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळले. त्या टॉर्क पान्याचा मला अभिमान होता. बाबांना तो पटत नव्हता, त्यांच्या मते हाताला कळतं. मी आकड्यावर ठाम होते आणि आकडा बरोबरच होता. पण गाडी तेव्हा स्टँडवर होती, चाकं नव्हती, आणि आर्म पार खाली लोंबत होता. बोल्ट आवळला त्या क्षणी रबराने ती लोंबती स्थिती आपली सरळ स्थिती म्हणून धरली. मग गाडी खाली उतरवली, आर्म दहा-पंधरा अंशांनी वर आला, आणि रबर तेवढं पिळलं गेलं. ते पिळलेलंच राहिलं. गाडी दारात उभी असताना, रात्रभर, पावसात, उन्हात. वर प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. दुसऱ्यांदा काम केलं तेव्हाही मी हेच बोल्ट सैल केले आणि हवेतच परत आवळले.

पाऊस संपता संपता ब्रेक दाबला की खालून ठक असा आवाज येऊ लागला आणि गाडी किंचित एका बाजूला ओढू लागली. खाली शिरून पाहिलं तर दोन्ही बुशचं रबर आतल्या नळीपासून चिरत गेलेलं. नवे बुश इतक्या लवकर फाटले याचा मला संताप आला. माल खराब दिला, अशी माझी खात्री होती. फाटलेले बुश पिशवीत घालून मी त्या वर्कशॉपमध्ये गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

तिथल्या मिस्त्रींनी बुश हातात घेतला, चीर कोणत्या बाजूला गेलीय ते पाहिलं आणि विचारलं, “ताई, बोल्ट कवा आवळला? गाडी वर असताना का खाली चाकावर असताना?”

मी म्हटलं, “वर असताना. खाली असताना हात कसा जाणार?”

“जातोय की. चाकाखाली फळ्या घालायच्या. नाहीतर आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर येईपर्यंत उचलायचा आन् मग आवळायचा. वर आवळलासा की रबर कायमचं पिळून बसतंय. आमी दिलं तवाच सांगायला पायजे हुतं.”

त्यांनी चूक अर्धी आपल्याकडे घेतली. ती त्यांची नव्हती. मी विचारलं नव्हतं. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा मी शोधला, कोणत्या स्थितीत आवळायचा हा प्रश्नच मला पडला नाही. मॅन्युअलमध्ये त्या आकड्याच्या खालीच ती सूचना होती. घरी येऊन पाहिलं. त्याच पानावर माझ्या बोटाचे ग्रीसचे डाग होते.

मग आणखी एक गोष्ट लख्खकन लक्षात आली. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला जो डोळा असतो त्यातही असाच बुश असतो. मागचं काम सुरळीत झालं असं मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते. ते बोल्टही मी हवेतच आवळले होते. त्या संध्याकाळी गाडी फळ्यांवर चढवली, मागचे दोन्ही बोल्ट सैल केले तेव्हा बुश पीळ सोडताना किंचित सरकलेला डोळ्यांना दिसला. तो अजून फाटला नव्हता. परत आवळला.

पुढचे बुश तिसऱ्यांदा विकत घेण्याची वेळ आली नाही. दुसरी जोडी बसवली, बोल्ट हाताने फिरतील इतपत लावले, चाकं चढवली, गाडी फळ्यांवर घेतली, पुढून-मागून ढकलून स्थिर होऊ दिली आणि मग खाली झोपून टॉर्क पाना लावला. त्याच वेळी चरे पडलेला शॉकअप काढला. तेव्हा बाबांनी नख फिरवलं, ते वर सांगितलंच आहे.

अलाइनमेंटचंही सांगायला हवं. स्ट्रट आणि नकलच्या बोल्टांच्या भोकांत थोडी सैलता असते. काढून परत लावलं की चाक आधी होतं तसंच उभं राहील याचा भरवसा नसतो. काम झालं त्याच दिवशी अलाइनमेंट करायला हवं. पहिल्या खेपेला मी ते पुढच्या आठवड्यावर, मग त्याच्या पुढच्यावर ढकललं, आणि मध्ये गगनबावड्याच्या फेऱ्या चालूच ठेवल्या. पुढच्या टायरच्या आतल्या कडा गुळगुळीत झाल्या. टायर दोन्ही बदलावे लागले. या सगळ्या कामात घरी केल्यामुळे वाचलेली मजुरी त्या टायरांतच संपली, स्प्रिंगांची दुसरी जोडी, होज, शॉकअप, बुश हे वेगळंच.

तरीही मी हे काम सोडलेलं नाही. गेल्या महिन्यात कॉलनीतल्या एका मुलाने विचारलं, “ताई, माझ्या गाडीचे शॉकअप आपण अंगणात बदलूया का? कंप्रेसर आहे ना तुमच्याकडं?” कंप्रेसर आता नाही. बाबांनी त्याचे दोन्ही दांडे ग्राइंडरने मधोमध कापून भंगारात दिले, कुणी मागायला आलं तर देणं टळावं म्हणून. मी त्याला सांगितलं की आधी चेसिस नंबर घेऊन ये, मग पट्टी घेऊन चारही चाकांची उंची लिहून काढू. स्ट्रट आपण काढू, स्प्रिंगा उद्यमनगरात दाबून आणू, वाकडा रिंग पाना माझ्याकडे आहे. नकल बांधायला तार आणि स्टँडखाली घालायला फळ्या तू आण. आणि अलाइनमेंटवाल्याला त्याच संध्याकाळची वेळ आधी सांगून ठेव, ती मिळाली तरच आपण बोल्टला हात लावू. तो म्हणाला रविवारी. रविवारी अलाइनमेंटचं दुकान बंद असतं, म्हणून शनिवार ठरला आहे.